सर्दी झाली की छातीत घरघर: लहान मुलाला दमा आहे का, हे कशावरून ठरवावे?

प्रश्न, थोडक्यात: आम्ही ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत राहतो. मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे. जूनमध्ये पाळणाघरात जाऊ लागल्यापासून दर महिना-सव्वा महिन्याने त्याला सर्दी होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी छातीत घरघर सुरू होते, पोट उडू लागते आणि रात्री दवाखान्यात नेऊन नेब्युलायझर (औषधाचे बारीक तुषार मास्कमधून देणारे यंत्र) लावावा लागतो. दर वेळी अँटिबायोटिकही दिले जाते. एका डॉक्टरांनी ‘अ‍ॅलर्जिक ब्राँकायटिस’ सांगितले, दुसऱ्यांनी ‘बालदमा’ म्हणून रोजचा पंप सुचवला. घरातल्या मोठ्यांचे म्हणणे असे की, एवढ्या लहान वयात पंपाची सवय लावू नये. मुलाच्या वडिलांना लहानपणी धुळीचा त्रास होता. हा दमा आहे का? पंप द्यावा का? आणि दोन-तीन वर्षे मुलाला गावी आजी-आजोबांकडे ठेवले तर फरक पडेल का?

उत्तर: पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो. आपण लिहिलेल्या माहितीवरून या मुलाला दमा आहे असे म्हणता येत नाही आणि नाही असेही ठामपणे सांगता येत नाही. सव्वादोन वर्षांच्या मुलाबाबत हा निकाल देऊ शकेल अशी एखादी रक्ततपासणी किंवा एक्स-रे अस्तित्वात नाही. नळीत जोराने फुंकून श्वसनक्षमता मोजण्याची जी तपासणी मोठ्या माणसांत करतात, ती बहुतेक मुलांना पाच-सहा वर्षांची होईपर्यंत नीट जमत नाही. त्यामुळे या वयातले निदान मुलाची हकिगत, प्रत्यक्ष तपासणी आणि औषधाला मिळणारा प्रतिसाद या तीन गोष्टींवर उभे असते. आपण आजारपणाच्या दिवसांचे वर्णन नेमके केले आहे. पण निर्णयासाठी ज्या माहितीची मला सर्वांत जास्त गरज वाटते, ती आपल्या प्रश्नात आलेली नाही, आणि ती म्हणजे दोन सर्दींच्या मधल्या दिवसांत हा मुलगा कसा असतो. सर्दी नसताना तो रात्री खोकून उठतो का? पळाल्यावर, खदखदून हसल्यावर किंवा रडल्यावर त्याला ढास लागते का? सोसायटीच्या आवारात बरोबरीच्या मुलांइतका धावतो, की मध्येच थांबून कडेवर घ्या म्हणतो? घरात झाडलोट झाली, फोडणीचा ठसका उठला, हवा बदलली की त्याची छाती वाजते का? या प्रश्नांची उत्तरे ‘नाही’ अशी असतील तर चित्र एक आहे, आणि ‘होय’ अशी असतील तर अगदी वेगळे. उपचारांची दिशाही त्यावरूनच ठरते; आजाराला कोणत्या डॉक्टरांनी कोणते नाव दिले, यावरून नव्हे.

या वयात सर्दी किती वेळा होणे स्वाभाविक आहे, हे आधी पाहू, कारण ‘सारखा आजारी पडतो’ या काळजीचा बराच भाग त्यातच असतो. पाच वर्षांच्या आतल्या निरोगी मुलाला वर्षाला सहा ते आठ वेळा सर्दी-खोकला होतो, आणि पाळणाघरात किंवा प्लेग्रुपमध्ये जाणाऱ्या मुलाला पहिल्या वर्षी दहा-बारा वेळाही होऊ शकतो. बहुतेक खोकला दहा-पंधरा दिवस रेंगाळतो, त्यामुळे एक ओसरण्याआधी दुसरा सुरू होतो आणि मूल महिनोन्‌महिने आजारीच आहे असे वाटते. यात प्रतिकारशक्ती कमी असल्याचे लक्षण नसते. सर्दीचे विषाणू पुष्कळ आहेत आणि पहिली काही वर्षे शरीर त्यांची ओळख करून घेत असते. आपल्या मुलाचा त्रास पाळणाघर आणि पावसाळा या दोन्हींबरोबर सुरू झाला, हे या चित्राशी जुळणारे आहे. ठाणे-मुंबई पट्ट्यात श्वसनाच्या विषाणूंचा जोर पावसाळ्यात आणि त्याच्या लगोलग नंतरच्या आठवड्यांत चांगलाच वाढतो.

मग त्याच सर्दीने शेजारच्या मुलाचे फक्त नाक वाहते आणि आपल्या मुलाची छाती का भरते? श्वासनलिकांचा आकार हे त्याचे एक कारण आहे. हवा वाहण्याला होणारा अडथळा नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. हिशेब असा: तान्ह्या बाळाची ४ मिलिमीटर व्यासाची नळी आतून सर्व बाजूंनी एक मिलिमीटर सुजली, तर अडथळा सोळा पटींनी वाढतो, मोठ्या माणसाची ८ मिलिमीटरची नळी तेवढीच सुजली, तर तो तिपटीच्या आसपासच वाढतो. म्हणजे ज्या सुजेने आपल्याला नुसता खोकला येईल, तीच सूज लहान मुलाला धाप लावते. काही मुलांच्या नळ्या जन्मतःच जरा अरुंद असतात. गरोदरपणात आईच्या आसपास तंबाखूचा धूर असेल किंवा मूल अपुऱ्या दिवसांचे असेल, तर त्याची शक्यता वाढते. अशा मुलांची नळी वयाबरोबर रुंदावते आणि त्रास मागे पडतो. काही मुलांमध्ये मात्र नळ्या अरुंद असण्यापेक्षा अतिसंवेदनशील असण्याचा भाग मोठा असतो, आणि पुढे दमा म्हणून जो आजार राहतो तो प्रामुख्याने यांच्यात.

हे दोन गट वेगळे आहेत, हे दाखवणारे सर्वांत प्रसिद्ध काम अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यातल्या टूसॉन शहरात झाले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जन्मलेल्या मुलांचा तिथे जन्मापासून पाठपुरावा केला गेला आणि १९९५ मध्ये त्याचे महत्त्वाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहाव्या वर्षापर्यंत जवळजवळ निम्म्या मुलांची छाती एकदा तरी वाजलेली होती. आणि पहिल्या तीन वर्षांत ज्यांना हा त्रास झाला होता, त्यांतील सुमारे ६० टक्के मुलांना सहाव्या वर्षी तो उरलेला नव्हता. त्याच अभ्यासातून पुढे काही ठोकताळे निघाले. वारंवार छाती वाजणाऱ्या लहान मुलाच्या आई-वडिलांपैकी कोणाला दमा असेल, किंवा मुलाला स्वतःला त्वचेचा अ‍ॅलर्जिक इसब असेल, तर दमा राहण्याची शक्यता वाढते. सर्दी नसतानाही छाती वाजणे, अ‍ॅलर्जीमुळे सतत शिंका-नाक वाहणे आणि रक्तात इओसिनोफिल (अ‍ॅलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) वाढलेल्या असणे, यांपैकी दोन गोष्टी असतील तरीही तसेच. आपण वडिलांचा ‘धुळीचा त्रास’ लिहिला आहे. त्या शब्दांत नुसत्या शिंकाही येतात आणि दमाही येतो. त्यांच्या आईला विचारून पाहावे की लहानपणी त्यांना धाप लागत असे का, रात्री उठून बसावे लागे का. आजीच्या आठवणीतून कधी कधी तपासणीपेक्षा जास्त कळते.

आता आवाजाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण पालक घरघर म्हणून जे सांगतात ते तीन निरनिराळ्या ठिकाणांहून येऊ शकते. नाक आणि घसा शेंबडाने भरला की श्वास घेताना खरखर होते आणि बाळाच्या पाठीवर हात ठेवला तर ती हातालाही जाणवते. मिठाच्या पाण्याचे थेंब नाकात घालून नाक साफ केले की ती कमी होते. हा छातीचा आजार नव्हे, आणि याला नेब्युलायझरची गरज नाही. दुसरा आवाज श्वास आत घेताना येणारा, कर्कश, आणि त्याबरोबर भुंकल्यासारखा खोकला, बहुधा मध्यरात्री अचानक सुरू होणारा. तो स्वरयंत्राच्या सुजेमुळे येतो आणि त्याचे औषध वेगळे आहे. तिसरा आवाज श्वास सोडताना येणारा, बारीक शिट्टीसारखा. आपल्याला ज्याबद्दल बोलायचे आहे तो हाच. दवाखान्यात पोहोचेपर्यंत आवाज बदललेला किंवा थांबलेला असतो, म्हणून मी पालकांना एक सोपी गोष्ट सांगतो: घरी त्रास होत असताना मुलाचा सदरा वर करून, दिवा लावून, छाती आणि पोट दोन्ही दिसतील असे अर्ध्या-एक मिनिटाचे चित्रीकरण मोबाइलवर करून ठेवावे. पोट उडते, बरगड्यांच्या खालची कातडी आत ओढली जाते की नाही, श्वास सोडायला वेळ लागतो की नाही, हे त्यात दिसते.

श्वास मोजायलाही घरच्यांनी शिकावे. मूल झोपलेले किंवा शांत असताना, पोटाची एक वर-खाली हालचाल म्हणजे एक श्वास असे धरून, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजावे. पंधरा सेकंद मोजून चौपट करू नये, लहान मुलांचा श्वास अनियमित असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार दोन महिन्यांच्या आतल्या बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक श्वास म्हणजे श्वास जलद आहे. तापात हा वेग वाढतो, म्हणून ताप उतरल्यावर पुन्हा मोजावे. त्यातही आकड्यापेक्षा श्वासासाठी पडणारे कष्ट मला महत्त्वाचे वाटतात. बरगड्यांखाली किंवा गळ्याच्या खळीत खड्डा पडत असेल, नाकपुड्या फुलत असतील, प्रत्येक श्वासाबरोबर कण्हल्यासारखा आवाज येत असेल, मूल पाणी-दूध घेत नसेल, धापेमुळे बोलू-रडू शकत नसेल, मलूल होऊन पडून राहत असेल किंवा ओठ-जीभ निळसर दिसत असेल, तर घरी आणखी काही करून पाहण्यात वेळ घालवू नये. बालरोग विभाग असलेल्या रुग्णालयात थेट न्यावे आणि वाहन मिळत नसेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. छातीतला आवाज एकाएकी बंद झाला पण मूल अधिकच थकले, तर तो सुधार समजू नये; हवाच आत-बाहेर होत नसल्याने आवाज थांबलेला असू शकतो. दोन महिन्यांच्या आतले बाळ असेल तर साध्या सर्दीतही दूध कमी झाले किंवा श्वास मध्येच थांबला की तात्काळ दाखवावे. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आता घरोघरी आहे, पण ते मोठ्यांच्या बोटासाठी बनवलेले असते. लहान मुलाच्या बोटावर ते चुकीचा आकडा दाखवू शकते. चांगला आकडा पाहून निश्चिंत झालेले पालक मला त्यामुळेच धोक्याचे वाटतात.

दर वेळी दिल्या गेलेल्या अँटिबायोटिकबद्दल स्पष्ट लिहायला हवे. सर्दीबरोबर येणारी घरघर जवळजवळ नेहमी विषाणूमुळे असते आणि विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. ते सुरू केल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी मूल सुधारते, पण ते तसेही सुधारणारच होते. हिरवट-पिवळा शेंबूड हा जंतुसंसर्गाचा पुरावा नाही. ताप उंच राहिला, मूल ताप नसतानाही गळून गेलेले असले, किंवा छातीच्या एकाच भागात वेगळे आवाज ऐकू आले, तर न्यूमोनिया समजून अँटिबायोटिक द्यावे लागते. ते डॉक्टरांनी तपासून ठरवायचे, चिठ्ठीवर सवयीने लिहायचे नाही. छातीचा एक्स-रेही प्रत्येक झटक्यात काढण्याचे कारण नसते. विषाणूजन्य आजारातही त्यात पांढरट छटा दिसतात, आणि मग त्या छटांसाठी उगीच अँटिबायोटिक सुरू होते.

खोकल्याच्या सिरपबाबत माझे मत कडक आहे. ही औषधे लहान मुलांचा खोकला कमी करतात याचा चांगला पुरावा नाही आणि अपाय मात्र होऊ शकतो. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेली सर्दीची औषधे चार वर्षांखालील मुलांना देऊ नयेत, असा इशारा बाटलीवर छापण्याचे निर्देश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिले. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात डायइथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रव्याने दूषित झालेल्या सिरपमुळे मुलांची मूत्रपिंडे निकामी होऊन मृत्यू झाले, आणि त्यानंतर केंद्रीय आरोग्य विभागाने दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत व पाच वर्षांखालील मुलांनाही ती सहसा टाळावीत, असे पुन्हा बजावले. एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला रात्री अर्धा-एक चमचा मध द्यायला हरकत नाही, खोकल्याला त्याने थोडा आराम पडतो. एक वर्षाच्या आत मात्र मध अजिबात चाटवू नये, कारण त्यातून बोटुलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो. श्वासनळ्या सैल करणारे सालब्युटामॉल पोटातून देणाऱ्या सिरपचेही मला समर्थन करता येत नाही. त्याने हात थरथरतात, छाती धडधडते, मूल चिडचिडे होते, आणि फुप्फुसापर्यंत पोहोचते ते थोडेच.

यावरून पंपाकडे येऊ. पंप दोन प्रकारचे असतात आणि ‘पंप द्यावा का’ या प्रश्नात दोन्हींची गल्लत होते. एक आराम देणारा: यात सालब्युटामॉल किंवा लेव्होसालब्युटामॉल असते, ते आवळलेल्या नळ्या काही मिनिटांत सैल करते आणि त्रास असेल तेव्हाच घ्यायचे असते. दुसरा प्रतिबंध करणारा: यात अतिशय कमी मात्रेत स्टेरॉइड असते, ते नळ्यांची सूज कमी ठेवते, त्याचा परिणाम हळूहळू होतो आणि तो रोज घ्यावा लागतो. यांपैकी कोणत्याही पंपाची व्यसनासारखी सवय लागत नाही. पंप वारंवार लागतो, कारण आजार वारंवार येतो. औषध नसते तरी आजार आलाच असता, फक्त मूल अधिक वेळ धापत बसले असते. घरच्या मोठ्यांना हे सांगताना आणखी एक गोष्ट सांगावी: पंपाच्या एका फवाऱ्यात सालब्युटामॉल १०० मायक्रोग्रॅम असते, तर सिरपच्या एका चमच्यात त्याच्या वीस पट, म्हणजे २ मिलिग्रॅम. पंप कमी मात्रेत आणि नेमक्या जागी काम करतो.

रात्री दवाखान्यात नेब्युलायझरसाठी धाव घेण्याचा आपला बराचसा त्रास स्पेसरने, म्हणजे पंप आणि चेहरा यांच्यामध्ये धरायच्या प्लॅस्टिकच्या पोकळ नळकांड्याने, टळू शकेल. मास्क लावलेल्या स्पेसरमधून योग्य रीतीने दिलेला पंप नेब्युलायझरइतकाच गुणकारी असतो, त्याला वीज लागत नाही आणि तो पिशवीत मावतो. पण ‘योग्य रीतीने’ हे दोन शब्द महत्त्वाचे आहेत, कारण माझ्याकडे ‘पंपाने काही फरक पडत नाही’ म्हणून येणाऱ्या मुलांमध्ये अनेकदा पद्धतच चुकलेली आढळते. मुलाला मांडीवर ताठ बसवावे. पंप चांगला हलवून स्पेसरच्या मागे बसवावा. मास्क नाक आणि तोंड दोन्ही झाकेल असा घट्ट टेकवावा. गालाजवळ फट राहिली तर औषध हवेत जाते. एक फवारा मारून मुलाला नेहमीसारखे पाच-सहा श्वास घेऊ द्यावेत आणि स्पेसरची झडप हलते आहे का ते पाहावे. दुसरा फवारा द्यायचा असेल तर पंप पुन्हा हलवावा. दोन्ही फवारे एकदम मारून ठेवू नयेत. मूल आकांताने रडत असेल तर औषधाचा फार थोडा भाग फुप्फुसात जातो, म्हणून बरे असतानाच बाहुलीला, आईला, ताईला मास्क लावण्याचा खेळ करून त्याची भीती घालवावी. स्पेसर आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचे थेंब टाकून धुवावा, आणि फडक्याने न पुसता तसाच निथळून वाळू द्यावा. पुसल्याने प्लॅस्टिकवर स्थिर विद्युतभार तयार होतो आणि औषध भिंतीला चिकटून राहते. पंप पाण्यात टाकून तो तरंगतो की बुडतो, यावरून औषध संपले का हे ठरवण्याची पद्धत विश्वासार्ह नाही; फवाऱ्यांचा आकडा दाखवणारा पंप घ्यावा किंवा हिशेब ठेवावा.

आपल्या डॉक्टरांकडून एक लेखी योजना मागून घ्यावी: सर्दी झाली आणि शिट्टी वाजू लागली तर किती फवारे, किती वेळाने, आणि कधी थांबून दाखवायला यायचे. साधारण नियम असा की, एक-दोन फवारे दिल्यावर मूल सुधारले पाहिजे आणि तो आराम तीन-चार तास टिकला पाहिजे. तीन तासांच्या आत पुन्हा गरज भासली, किंवा चोवीस तासांनंतरही गरज चालूच राहिली, तर त्याच दिवशी तपासणी हवी. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र ही योजना जशीच्या तशी लागू करू नये. त्या वयात, विशेषतः आरएसव्ही या विषाणूने, सर्वांत बारीक नळ्यांना सूज येऊन ब्राँकिओलायटिस होतो; त्यात सालब्युटामॉलचा सहसा उपयोग होत नाही, त्रास तिसऱ्या ते पाचव्या दिवशी शिगेला पोहोचतो, आणि नाक साफ ठेवणे, थोडे-थोडे दूध वारंवार पाजणे आणि गरज पडल्यास ऑक्सिजन हाच खरा उपचार असतो.

आता रोजचा, प्रतिबंध करणारा पंप. इथे मधल्या दिवसांची नोंद कामी येते. मूल मधल्या दिवसांत ठणठणीत असेल आणि झटके सौम्य असतील, तर मी आराम देणारा पंप जवळ ठेवून वाट पाहणे पसंत करतो. मधल्या दिवसांतही रात्रीचा खोकला, पळाल्यावर ढास अशी लक्षणे असतील, किंवा झटके इतके तीव्र असतील की रुग्णालयात राहावे लागते, किंवा वर्षात तीन-चार वेळा खरी धाप लागली असेल, तर कमी मात्रेचा स्टेरॉइड पंप दोन ते तीन महिने देऊन पाहणे योग्य ठरते. आपल्या मुलाबाबत झटक्यांची संख्या पाहता दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला मला अवाजवी वाटत नाही. मात्र तो ‘आयुष्यभरासाठी’ म्हणून स्वीकारायचा नसून एक चाचणी म्हणून स्वीकारायचा आहे: तीन महिन्यांनी तपासायचे, फरक पडला असेल तर मात्रा उतरवत थांबवून पाहायचे, आणि बंद केल्यावर लक्षणे परत आली तर दम्याच्या निदानाला बळ मिळते. फरक पडला नाही तर मात्रा वाढवत नेण्याआधी पद्धत आणि निदान दोन्ही पुन्हा तपासायचे. वाढ खुंटेल या भीतीला थोडा आधार आहे, पण त्याचे मोजमाप माहीत असावे: अनेक वर्षे रोज असा पंप घेतलेल्या मुलांची प्रौढपणीची उंची सरासरी सुमारे एक सेंटिमीटरने कमी भरली. वारंवार पोटातून द्याव्या लागणाऱ्या स्टेरॉइडपेक्षा हे नुकसान पुष्कळ कमी आहे. पंप दिल्यावर तोंड पुसावे आणि पाणी पाजावे, म्हणजे तोंडात बुरशी होत नाही. पंपाऐवजी माँटेलुकास्टची गोळी सर्रास दिली जाते. तिच्यामुळे काही मुलांत झोपेत दचकणे, दुःस्वप्ने, चिडचिड असे परिणाम दिसतात आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये तिच्यावर सर्वांत ठळक स्वरूपाचा इशारा छापायला लावला. तिला पहिली पसंती देऊ नये.

काही खुणा मात्र अशा आहेत की, त्या दिसल्या तर ‘सर्दीची घरघर’ म्हणून समाधान मानू नये. खेळता-खाता एकदम ठसका लागला आणि तेव्हापासून एकाच बाजूला शिट्टी वाजते, तर शेंगदाणा किंवा चण्याचा तुकडा श्वासनलिकेत अडकल्याची शंका घ्यावी; चिवड्यातले दाणे चार वर्षांखालील मुलाच्या हाती देऊच नयेत. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, रेंगाळणारा ताप, वजन न वाढणे, आणि घरात किंवा मुलाला सांभाळणाऱ्या व्यक्तीला क्षयरोग, असे असेल तर क्षयाची तपासणी आधी करावी. चार आठवडे न हटणारा ओला खोकला, जन्मापासूनची घरघर, दर जेवणाबरोबर येणारा ठसका आणि पुनःपुन्हा त्याच जागी होणारा न्यूमोनिया, या प्रत्येकाची कारणे वेगळी शोधावी लागतात.

घरातल्या हवेबद्दल लिहायचे तर आपल्याकडच्या काही प्रेमाने केल्या जाणाऱ्या गोष्टींनाच हात घालावा लागतो. आंघोळीनंतर बाळाला निखाऱ्यावर ओवा टाकून दिलेली धुरी म्हणजे बंद खोलीतला धूरच असतो. नाकात तेलाचे थेंब घातले तर ते फुप्फुसात उतरून तेलकट न्यूमोनिया होऊ शकतो. कापराची पुरचुंडी गळ्यात किंवा पाळण्याला बांधू नये. कापूर तोंडात गेला तर आकडी (फिट) येऊ शकते. गरम पाण्याच्या पातेल्याने दिलेली वाफ लहान मुलाला उपयोगाची नाही, आणि पातेले कलंडून भाजलेली मुले आम्ही पाहतो. डास पळवणारी कॉइल, धूप आणि सिगारेट मुलाच्या खोलीत नकोत. गच्चीत ओढून आलेल्या माणसाच्या कपड्यांतूनही धुराचा अंश येतोच. केळे, दही, भात बंद करण्याने घरघर थांबत नाही, मुलाचे जेवण तेवढे कमी होते.

घोडबंदर रस्त्याची धूळ, बांधकामे, मेट्रोचे काम आणि रात्री धावणारे ट्रक हे त्रास वाढवतात, यात शंका नाही. नवी मुंबईत ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या वस्त्यांतही हाच अनुभव येतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात सकाळी हवा जड असते आणि प्रदूषण जमिनीलगत साचून राहते. त्या दिवसांत रस्त्याच्या बाजूच्या खिडक्या सकाळी बंद ठेवून दुपारी उघडाव्यात, लादी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी. पावसाळ्यात भिंतीवर येणारी ओल आणि बुरशी याकडेही लक्ष द्यावे. मुलाचा पलंग ओलसर भिंतीपासून दूर सरकवावा आणि गळती बुजवावी, वर नुसता रंग मारू नये. पण म्हणून मुलाला गावी पाठवावे का, याचे माझे उत्तर नाही असे आहे. मुख्य कारण विषाणू आहे आणि तो गावच्या अंगणवाडीतही भेटतो. चुलीचा धूर, भुश्शाची धूळ आणि रात्री धाप लागली तर तासाभराच्या अंतरावरचे रुग्णालय, हा धोका त्यात वाढतो. दोन वर्षांच्या मुलाला आई-वडिलांपासून दूर ठेवण्याची किंमत वेगळीच.

लसींची नोंद एकदा तपासून घ्यावी. न्यूमोकोकल लस आता राष्ट्रीय कार्यक्रमात आहे आणि ६ आठवडे, १४ आठवडे व ९ महिने या वयांत महापालिकेच्या आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळते. फ्लूची लस सहा महिने ते पाच वर्षांपर्यंत दर वर्षी द्यावी अशी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेची शिफारस आहे. पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, म्हणून आपल्या भागात ती एप्रिल-मे महिन्यांत, पाऊस सुरू होण्याआधी पूर्ण करावी.

पाळणाघर लगेच बंद करण्याची गरज मला दिसत नाही. आज काढले तर हाच काळ शाळेच्या पहिल्या वर्षी येईल, जरी तोवर नळ्या थोड्या रुंदावलेल्या असतील हेही खरे. झटके इतके तीव्र असतील की रुग्णालयात दाखल करावे लागत असेल आणि घरात सांभाळणारे कोणी असेल, तर एक पावसाळा घरी ठेवण्यात शहाणपणा आहे. एरवी ताप किंवा धाप असेल त्या दिवशी घरी ठेवावे. नुसते नाक वाहत असेल तर पाठवायला हरकत नाही. पाळणाघरात एक वेगळा स्पेसर आणि आराम देणारा पंप मुलाचे नाव लिहून द्यावा, डॉक्टरांच्या योजनेची मराठीतली प्रत तिथल्या भिंतीवर लावावी, आणि मुलाला सांभाळणाऱ्या मावशींकडून एकदा आपल्यासमोर तो पंप देऊन घ्यावा.